वाकल्याने नाही, डोकं उचलून धरल्याने मान दुखते

रोडबाईकवर (खाली वळलेल्या हँडलच्या वेगवान सायकलवर) तासभर झाला की मानेच्या मुळाशी आणि खांद्याच्या पात्याजवळ कळ सुरू होते. "एवढं वाकून बसल्यावर दुखणारच," असं कोणीतरी लगेच सांगतं. मला हे पटत नाही. करून बघा: उभ्याने कमरेतून पुढे वाका आणि डोकं सैल सोडून जमिनीकडे बघा. मानेला काहीच त्रास होत नाही. आता तसंच वाकलेलं राहून समोरच्या भिंतीकडे बघा. थोड्याच वेळात मानेमागे ताण जाणवेल. रस्ता दिसावा म्हणून सायकलवर आपण तासन्‌तास हेच करत असतो.

शाळेतली तरफ आठवा. डोकं साधारण ५ किलोचं, वर हेल्मेटचे पाव किलो. ताठ बसल्यावर हे वजन जवळपास कण्यावरच टेकलेलं असतं. पाठ आडवी होऊ लागली की तेच वजन टेकूपासून, म्हणजे मानेच्या मुळापासून, लांब जातं. समजा ते १५ सेंटिमीटर पुढे आहे आणि त्याला तोलणारे स्नायू टेकूच्या मागे ५ सेंटिमीटरवर आहेत. मग ५ किलो पेलायला स्नायूंना १५ किलोंइतका जोर लावावा लागतो. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब असाच चालतो.

पायांचे स्नायू तर याहून कितीतरी जास्त जोर लावतात. ते असे का दुखत नाहीत? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. पेडल मारताना मांडीचा स्नायू मिनिटाला ८०-९० वेळा आवळतो आणि सुटतो. आवळताना तो वापरलेलं रक्त पुढे ढकलतो, सुटताना ताजं रक्त आत येतं. मानेचा स्नायू आवळतो तो आवळलेलाच राहतो. त्याच्या आतला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. ऑक्सिजन कमी पडतो, एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) मात्र खर्च होतच राहतं. पोटॅशियम, हायड्रोजन आयन, फॉस्फेट बाहेर वाहून न जाता तिथेच साचतात आणि वेदनेच्या चेतातंतूंना चाळवतात. त्यात मान मागे वळलेली असल्याने हे स्नायू आखूड झालेले असतात. आखूड तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या स्नायू आवळणाऱ्या प्रथिनांचे धागे एकमेकांवर जास्तच चढतात, त्यांची पकड ढिली पडते, म्हणून तेवढ्याच जोरासाठी जास्त तंतू कामाला लावावे लागतात. स्नायू दुखले की सगळा दोष "लॅक्टिक ॲसिड"वर टाकणं म्हणूनच चुकीचं आहे. लॅक्टेट (शरीरात ते ॲसिड याच रूपात असतं) तर स्नायूंचं इंधनही आहे.

याचं टोक म्हणजे 'शर्मर्स नेक'. १९८३ च्या 'रेस अक्रॉस अमेरिका' या अमेरिका आडवी पार करण्याच्या सायकल शर्यतीत सायकलपटू मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर राहीना. सरावाच्या काळात त्यांनी नाना चमत्कारी उपाय करून पाहिले होते. पुढे १९९२ मध्ये त्यांनीच अशा दाव्यांची चिकित्सा करणारी संस्था काढली. चुंबकी पट्टे आणि 'ऊर्जा' देणारी कडी आजही विकली जातात. पण त्या वस्तूंनी डोकं आणि टेकू यांतलं अंतर एक मिलिमीटरही कमी होत नाही.

ते कमी होतं हँडलने. स्टेमखाली (हँडलला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर म्हणजे चकत्या घालून हँडल वर घ्या, किंवा स्टेम एक-दोन सेंटिमीटरने आखूड करा. एका वेळी एकच बदल करा. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवू नका. सीटची जागा पायांच्या हिशेबाने ठरते. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं, ते थोपवायला हात ताठ होतात आणि खांदे कानांकडे चढतात. ताठ कोपरांतून रस्त्याचा प्रत्येक दणका थेट खांद्यात जातो, म्हणून कोपर जरा वाकलेले ठेवा आणि टायरमध्ये हवा ठासून भरू नका. पाठीला पोक काढून नव्हे, तर कमरेतून झुका. पोक जितकं जास्त, तितकी मान मागे वळते. हेल्मेट कपाळावर घसरत असेल तर त्याच्या कडेखालून बघायला डोकं आणखी उचलावं लागतं, तेव्हा पट्टे आवळा.

आणि अडकलेल्या रक्ताला वाट द्या. दर काही मिनिटांनी हात हूडवरून (ब्रेकच्या मुठींवरून) हँडलच्या वरच्या भागावर न्या, रस्ता मोकळा असेल तेव्हा हनुवटी क्षणभर आत घ्या, खांदे खाली सोडा. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल किंवा दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जा.

खांदे सैल आहेत का, हे चालत्या सायकलवर सहज कळतं. दोन्ही हात हूडवर ठेवा आणि पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवा. बोटं हलत नसतील, तर तुम्ही अंगाचा भार हातांवर टाकून बसला आहात.