क्रूसेड, ऊस आणि तळाला भोक असलेलं मडकं

‘क्रूसेडमुळे (जेरुसलेमसाठी युरोपीय ख्रिश्चनांनी लढलेल्या धर्मयुद्धांमुळे) युरोपला आज वापरात असलेले आकडे मिळाले, कागद मिळाला’ असा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. आकडे आणि कागद युरोपात पोचले ते मुख्यतः स्पेन-सिसिलीमार्गे, व्यापारी आणि भाषांतरकारांच्या हातून. क्रूसेडचा खरा ठसा दिसतो तो साखरेच्या धंद्यावर. १०९९ मध्ये क्रूसेडच्या उपाशी सैनिकांनी त्रिपोलीच्या (आजच्या लेबनॉनमधल्या) शिवारातला ऊस चघळला. ११२४ मध्ये तिथलंच टायर शहर क्रूसेडवाल्यांच्या हाती पडलं आणि आसपासचे उसाचे मळे युरोपीय मालकांकडे गेले.

पण ऊस हाती आला म्हणजे साखर हाती आली असं नाही. रस चवीला गोड, पण किंचित आम्लधर्मी असतो, सामू (pH) साधारण सव्वापाच ते साडेपाच. ऊस तोडल्यावर दोन-तीन दिवस पडून राहिला, किंवा आम्लधर्मी रस तसाच उकळत ठेवला, की सुक्रोजचं, म्हणजे साखरेचं, विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ही दोन्ही सुक्रोजचे खडे धरू देत नाहीत. कितीही आटवा, हाती चिकट पाकच. म्हणून घाणा शेताला लागूनच हवा. आपल्याकडे गुऱ्हाळात रसाची आम्लता मारायला चुन्याची निवळी घालतात. ‘केमिकल-फ्री’ गुळाच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

आता खड्यांकडे. १०० अंश सेल्सिअसला एक किलो पाण्यात सुमारे ४.९ किलो साखर विरघळते, २० अंशांना जेमतेम २ किलो. पाक निवताना जास्तीची साखर खडे होऊन बाहेर पडते. मळकट पाक मात्र खड्यांच्या फटीत अडकून राहतो. तो काढायला शंकूच्या आकाराचं मडकं, निमुळतं टोक खाली, टोकाला भोक, त्याखाली दुसरं भांडं. भोक आधी बुजवायचं, खडे धरले की मोकळं करायचं. पाक हळूहळू ठिबकतो, वर साखरेचा शंकू उरतो. घाई केली तर साखर तपकिरी आणि ओलसर राहते. अधिक पांढरी हवी असेल तर पुन्हा विरघळवा, पुन्हा आटवा. दर फेरीला वजन घटतं, भाव चढतो. युरोपात ती औषधविक्याकडे मिळे.

१२९१ मध्ये पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरचं अक्रे हे क्रूसेडवाल्यांचं शहर पडलं. हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती संघाचे सरदार सायप्रस बेटावर गेले आणि कोलोसीला त्यांनी उसाची लागवड केली. शेजारच्या एपिस्कोपीत व्हेनिसच्या कोर्नारो घराण्याचे मळे. दोघांत पाटाच्या पाण्यावरून भांडणं. पंधराव्या शतकात हाच धंदा अटलांटिकमधल्या मदेइरा या पोर्तुगीज बेटावर पोचला. तिथे उसाच्या मळ्यांत गुलाम राबवले गेले, आणि पुढे ब्राझीलमध्येही तेच झालं.