षड्ज चढा का लागतो?

डिसेंबरात तानसेन समारोह जवळ आला की ग्वाल्हेरमध्ये तानसेनच्या समाधीजवळील चिंचेचा विषय निघतोच. तिची पाने चघळली की गळा मोकळा होतो, ही समजूत लष्कर भागातील मराठी घरांतही जुनीच आहे. आंबट पानाने तोंडाला पाणी सुटते आणि धास्तीने कोरडे पडलेले तोंड ओले होते, एवढे श्रेय त्या पानाला द्यायला हरकत नाही. मात्र चघळलेला रस अन्ननलिकेत जातो. तो स्वरतंतूंवर पोहोचलाच, तर ठसका लागून मैफल तिथेच थांबेल. मंचावर धास्तीने षड्ज, म्हणजे ‘सा’, जरा वर (चढा) लागतो; त्यामागची खरी गडबड असते ती स्वरतंतूंच्या खाली, श्वासात.

श्रोत्यांसमोर बसताच मेंदू धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, छातीचे ठोके वाढतात आणि श्वास उथळ व घाईचा होतो. परीक्षेला बसलेल्या मुलाचेही हेच होते, पण त्याला श्वासावर सूर लावायचा नसतो.

स्वरतंतूंची कंपनसंख्या प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: ते किती ताणलेले आहेत आणि खालून हवा किती दाबाने येते आहे. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या पुरुषाचा मध्य (मधल्या सप्तकातला) षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचे स्वरतंतू सेकंदाला तितक्या वेळा उघडतात आणि मिटतात. लगतची पांढरी दोन सुमारे 147 हर्ट्झची. अंतर अवघे आठ हर्ट्झ. आता स्नायूंचा ताण तोच ठेवून हवेचा दाब पाण्याच्या एका सेंटीमीटर स्तंभाइतका जरी वाढवला, तरी स्वर काही हर्ट्झने वर सरकतो, कारण जोराच्या हवेने तंतू अधिक फाकतात आणि फाकताना दर खेपेस थोडे जास्त ताणले जातात. त्यात घाबरलेल्या माणसाच्या कंठाचे स्नायूही आवळलेले असतात. रियाजात दाब आणि ताण यांचा मेळ शरीराला पाठ झालेला असतो, पण तो शांत श्वासावर बसवलेला असतो. श्वास बिघडला की घरी तानपुऱ्यात विरघळणारा षड्ज मंचावर चढा लागतो. कान ही चूक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पकडतो आणि गळा आपोआप सावरू लागतो, तरी तेवढ्यात गायकाने ती ऐकलेली असते आणि त्याची धास्ती वाढते.

हृदयाला थेट हुकूम देता येत नाही, उच्छ्वास मात्र लांबवता येतो. श्वास घेताना व्हेगस या मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम सैल होतो, सोडताना तो पुन्हा आवळला जाऊन ठोके मंदावतात. मंचावर जाण्यापूर्वी थोडा वेळ खर्ज, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातला सूर, लावावा, या जुन्या सल्ल्याचे बळ मला इथे दिसते: मंद्र षड्जावर दमसास टिकवणे हा दीर्घ उच्छ्वासच आहे.

धडधड मुळीच न थांबवताही काही साधते. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 मधील प्रयोगात, कराओकेवर गाण्यापूर्वी ‘मी घाबरलो आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ म्हणणाऱ्यांचे गाणे अधिक अचूक ठरले.

काही कलावंत प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात. जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी शोधलेले हे औषध अ‍ॅड्रिनलिनला हृदयावर आणि स्नायूंवर काम करू देत नाही, त्यामुळे हातांचा कंप व धडधड कमी होते. पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्यानेच आकुंचन पावू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ती गोळी घेऊ नये.