क्रीम एल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला फिकट, स्वच्छ आणि भरपूर फसफसणारा बिअरचा एक प्रकार. एल (तुलनेने उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) जातीच्या यीस्टने किण्वन करून पुढे लागर (थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर) बिअरप्रमाणे थंडीत मुरवणे ही याची सर्वसाधारण पद्धत असल्याने तंत्राच्या दृष्टीने ही बिअर दोन कुळांच्या सीमेवर येते. नावात ‘क्रीम’ असले, तरी तीत साय, दूध किंवा दुग्धशर्करा यांपैकी काहीही घातले जात नाही.

नावाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार पेल्यात ओतल्यावर येणारा दाट, पांढरा फेस सायीसारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. दुसऱ्या मतानुसार मराठीत सारभूत व उत्तम वस्तूला ज्या अर्थाने ‘नवनीत’ म्हणतात, त्याच अर्थाने व्यापाऱ्यांनी ‘क्रीम’ हे विशेषण वापरले, त्यामुळे आरंभी ते एखाद्या विशिष्ट कृतीचे नव्हे, तर प्रतीचे निदर्शक असावे. तिसरे मत सायीत शिजवलेल्या मक्याच्या गोडसर वासाशी या नावाचा संबंध जोडते. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील एलच्या संदर्भात ‘क्रीम’ हा शब्द यादवी युद्धाच्या (१८६१–६५) आधीपासून आढळतो, आणि अमेरिकेत बिअरसाठी मका व तांदूळ वापरण्याचा शास्त्रशुद्ध पुरस्कार साधारणपणे १८६० नंतरच्या दशकाअखेरीस अँटोन श्वार्त्स यांच्या लेखनापासून सुरू झाला, असे मानतात. हा कालक्रम ध्यानात घेता तिसरे मत टिकणे कठीण आहे. पहिल्या दोन मतांत दुसरे अधिक संभाव्य वाटते, कारण त्या काळी हे विशेषण बऱ्याच कडक एललाही लावलेले दिसते; मात्र फेसाचा अर्थ त्यात मागाहून मिसळला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आजच्या अर्थाने या प्रकाराची जडणघडण लागरच्या स्पर्धेतून झाली. फिलाडेल्फियातील जॉन वॅग्नर यांनी १८४० च्या सुमारास बव्हेरियातून लागरचे यीस्ट आणले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढील दोन-तीन दशकांत जर्मन स्थलांतरितांच्या लागरने शहरांतील ग्राहक ओढून घेतला. लागरसाठी थंड तळघरे आणि बर्फ लागे, शिवाय ती कित्येक आठवडे मुरवावी लागे. ईशान्येकडील व मध्य अटलांटिक राज्यांतील एलवाल्यांनी हे सारे पत्करण्याऐवजी आपल्याच यीस्टने फिकट, स्वच्छ आणि चटकन विक्रीस निघणारी बिअर तयार केली. महिनोन्‌महिने साठवायच्या ‘स्टॉक’ एलहून वेगळी म्हणून तिला ‘तत्काळ वापराची’ किंवा ‘सजीव’ एल असेही म्हणत. शिकागोचे रसायनज्ञ रॉबर्ट वाल व मॅक्स हेनियस यांच्या १९०१ च्या व्यावसायिक ग्रंथात हा वर्ग स्टॉक एलपासून वेगळा धरलेला आहे.

या सजीवपणाचे तंत्र पाहण्यासारखे आहे. तयार एलमध्ये ऐन भरात आंबणारा गोड द्राव थोड्या प्रमाणात मिसळून पिंप घट्ट बंद करीत. या द्रावाला जर्मन परिभाषेत ‘क्रॉयझेन’ म्हणतात. त्यातील शिल्लक साखरेचे किण्वन होऊन निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता बिअरमध्ये विरघळतो आणि पेल्यात चुरचुरीतपणा येतो. यासाठी काही जण लागरचा क्रॉयझेन वापरीत, तर काही जण एल आणि लागर तयार झाल्यावर एकत्र करीत. आजही कोणी केवळ एलचे यीस्ट, कोणी लागरचे यीस्ट तुलनेने उबदार तापमानाला, तर कोणी दोन्ही वापरतो. यामुळे क्रीम एलला खरोखर एल म्हणावे काय, असा प्रश्न परिभाषाप्रेमी वारंवार उपस्थित करतात. यीस्टची जात हाच निकष मानला तर तो सुटत नाही. परिणामी मिळणारी चव निकष मानली तर तो फारसा उरत नाही.

घटकांत मुख्य भाग फिकट माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, असतो. अमेरिकेत परंपरेने पिकणाऱ्या सहा ओळींच्या कणसाच्या बार्लीत प्रथिने व विकरे दोन्ही जास्त असतात. प्रथिनांमुळे बिअर गढूळ होते. मका किंवा तांदूळ मिसळल्याने त्यांचे प्रमाण घटते आणि जादा विकरे त्या धान्यातील स्टार्चचेही साखरेत रूपांतर करतात. म्हणजे मका केवळ स्वस्ताईसाठी घालत, हा प्रचलित आक्षेप अर्धाच खरा आहे. मक्याचा भरडा आधी वेगळा शिजवावा लागतो, मक्याचे पोहे मात्र थेट माल्टबरोबर घालता येतात. मक्याचे प्रमाण सामान्यतः एक-पंचमांश ते तीन-दशांशपर्यंत असते. काही ठिकाणी साखरही घालतात.

अनेक क्रीम एलमध्ये जाणवणारा उकडलेल्या मक्याचा वास बहुतांशी मक्यामुळे येत नाही, ही गोष्ट नवख्याला चकित करते. फिकट माल्टमधील एस-मिथिलमिथिओनीन हे संयुग उष्णतेने विघटित होऊन डायमिथिल सल्फाइड तयार होते व त्याचा हा वास असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३७° से. असल्याने झाकण उघडे ठेवून दीर्घकाळ उकळल्यास ते वाफेबरोबर निघून जाते. या प्रकारात त्याची पुसटशी छटा चालते, ठळक वास हा दोष समजतात.

अमेरिकेतील बिअर परीक्षकांच्या प्रमाणीकरण संस्थेने (२०२१) या प्रकारासाठी मद्यार्क ४.२ ते ५.६ टक्के, कडवटपणा ८ ते २० आंतरराष्ट्रीय एकके आणि किण्वनापूर्वीची विशिष्ट घनता १.०४२ ते १.०५५ अशा मर्यादा दिल्या आहेत. १९२० च्या दारूबंदीपूर्वीची क्रीम एल याहून काहीशी कडक व स्पष्टपणे अधिक कडू होती. १९३३ मध्ये बंदी उठल्यावर टिकलेल्या रूपांत दोन नावे ठळक आहेत : सिनसिनाटीच्या शोनलिंग कारखान्याची ‘लिटल किंग्ज’ (१९५८) आणि रॉचेस्टरच्या जेनेसी कारखान्याची ‘जेनेसी क्रीम एल’ (१९६०). कॅनडातही हा प्रकार आहे. ग्वेल्फ येथील स्लीमनची क्रीम एल परिचित आहे. आयर्लंडची ‘किलकेनी’ मात्र क्रीम एल म्हणून विकली जात असली, तरी ती नायट्रोजनमुळे मऊ फेस येणारी तांबूस एल असून तिचा या प्रकाराशी नावापुरताच संबंध आहे.

ही बिअर साधारण ४° ते ७° से. तापमानाला, उंच व स्वच्छ पेल्यात देतात. तीत जिभेला धरून ठेवणारे असे काही नसते, आणि म्हणूनच यीस्टची किंवा स्वच्छतेची किरकोळ चूकही लपत नाही. चांगल्या नमुन्यात माल्टचा हलका गोडवा आरंभी येतो, फळांसारखा गंध असलाच तर मागे राहतो व शेवट कोरडा होतो. तो अतिशय गोड लागला तर किण्वन अपुरे राहिल्याची शंका घ्यावी. मुरल्याने ती सुधारत नाही, म्हणून ताजीच प्यावी. प्रकाशाने हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांतील) कडू द्रव्ये विघटित होऊन उग्र दुर्गंध येतो आणि हिरवी काच त्याला तपकिरी काचेइतकी अडवीत नाही. लिटल किंग्जची ओळखच सात औंसांची (सुमारे २०७ मिलि.) हिरवी बाटली असल्याने ती दुकानाच्या काचेजवळच्या फळीवरून न घेता आतल्या बंद खोक्यातून मागून घेणे इष्ट ठरते.