गाठ सारखी, आजार वेगळा

खोकला, अंगात मुरलेला बारीक ताप, उतरत चाललेलं वजन आणि एक्स-रेमध्ये छातीतल्या सुजलेल्या लसिकाग्रंथी. एवढं ऐकलं की मनात टीबीच येतो. पण सार्कॉइडोसिस नावाचा दुसरा आजारही अगदी याच रूपात समोर येऊ शकतो. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला. सार्कॉइडोसिसचं नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही.

सूक्ष्मदर्शकाखालीही घोळ मिटत नाही. दोन्ही आजारांत संरक्षक पेशी गोळा होऊन ‘ग्रॅन्युलोमा’ बांधतात. नको असलेल्या गोष्टीला घातलेला वेढाच म्हणा ना. टीबीत या वेढ्याचा गाभा बहुधा मरून पनीरासारखा भुसभुशीत होतो, त्याला केसिएशन म्हणतात. सार्कॉइडोसिसमध्ये तो सहसा शाबूत असतो. पुस्तकात हा फरक ठसठशीत दिसतो खरा. पण टीबीतही शाबूत गाभे सापडतात, आणि बायोप्सीच्या सुईत येतो तो एवढासा तुकडा. तेव्हा ‘केसिएशन नाही, म्हणजे टीबी नाही’ असं कुणी ठणकावून सांगितलं, तर सावध व्हावं.

मग त्या तुकड्यात जंतूच शोधायचा. सीबीनॅट चाचणी दोनेक तासांत त्याचा डीएनए ओळखते, कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, सहा-आठ आठवडे लागतात. गाठीत जंतू तुरळक असले, तर दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात.

मांटू या टीबीसाठीच्या त्वचेवरच्या चाचणीची तऱ्हा और. जिथे टीबी फार, तिथे सुप्त संसर्गही अनेकांना असतो, त्यामुळे पॉझिटिव्ह मांटूवरून फारसं काही कळत नाही. निगेटिव्ह मात्र बोलकी ठरते, कारण सार्कॉइडोसिसमध्ये त्वचेची ही प्रतिक्रिया मंदावते. (एचआयव्ही किंवा खूप बळावलेल्या टीबीतही मंदावते, हे आलंच.) दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सारख्याच सुजलेल्या असणं किंवा डोळ्याच्या आत दाह होणं हे सार्कॉइडोसिसकडे झुकतं, फुप्फुसाच्या वरच्या भागातली पोकळी टीबीकडे. रक्तातल्या ‘एसीई’ या विकराचा (एन्झाइमचा) बराच गाजावाजा होतो, पण निव्वळ त्यावर निदान करता येत नाही.

एवढी चिकित्सा करायची, कारण सार्कॉइडोसिसला उपचार लागलाच तर पहिलं औषध प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड, आणि नुसतं स्टेरॉइड म्हणजे टीबीच्या जंतूला मोकळं रान. उलट चूकही होते: टीबीची औषधं सुरू होतात, रुग्णाला बरं वाटतं, निदान बरोबर होतं असं सगळे धरून चालतात. पण सार्कॉइडोसिस अनेकदा आपसूकच ओसरतो. म्हणून डोळे, हृदय किंवा मेंदूला धोका नसेल, तर कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवणारा डॉक्टर वेळकाढूपणा करत नसतो.