संकेतस्थळाचे स्थलांतर

एका सर्व्हरवरचे किंवा एका प्रकाशन-मंचावरचे संकेतस्थळ मजकूर, चित्रे, पत्ते आणि ईमेलसह दुसरीकडे नेण्याचे काम. बोलताना सगळे ‘साइट शिफ्ट करणे’ म्हणतात. मोठ्या माध्यमसंस्थांकडे यासाठी स्वतःची माणसे असतात; दिवाळी अंक, शाळा, छोटे प्रकाशक, दुकानदार यांचे स्थलांतर बहुधा एखादा फ्रीलान्स डेव्हलपर एकट्याने करतो. नवी साइट बांधण्यापेक्षा हे काम अधिक जबाबदारीचे आहे, कारण इथे गमावण्यासारखे बरेच काही आधीपासून असते.

स्थलांतराची कारणे साधी असतात. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवण्याची भाड्याची जागा, महागते, जागा अपुरी पडते, किंवा मंचच बंद होतो. १९९४ साली सुरू झालेली जिओसिटीज ही लोकांना स्वतःची पाने ठेवू देणारी सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ज्यांनी आपली पाने आधी उतरवून घेतली नव्हती, त्यांना ती नंतर इतरांनी केलेल्या संग्रहांत शोधावी लागली. याच्या उलट उदाहरण वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीचे. बी२ कॅफेलॉग या प्रणालीचे काम थंडावले, तेव्हा तिचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला असल्यामुळे मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी तो पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या सुमारे चाळीस टक्के साइट्स तिच्यावर चालतात, त्यामुळे फ्रीलान्सरकडे येणारी बरीचशी स्थलांतरे वर्डप्रेसवरून वर्डप्रेसवर किंवा ब्लॉगर या गूगलच्या मंचावरून वर्डप्रेसवर अशी असतात.

वर्डप्रेसची साइट म्हणजे फायली आणि डेटाबेस. फायली उचलून नेणे सोपे. अडते ते डेटाबेसपाशी. डोमेन बदलणार असेल तर जुना पत्ता शोधून त्या जागी नवा घालावा लागतो, आणि हे साध्या ‘शोधा-बदला’ने केले तर साइट मोडते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिली आहे ती पीएचपी काही सेटिंग्ज साठवताना मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहून ठेवते. पत्ता बावीस अक्षरांवरून सव्वीसवर गेला आणि आकडा बावीसच राहिला, की ती नोंद वाचलीच जात नाही. विजेट गायब होतात, थीमची रचना मूळपदावर येते, आणि पडद्यावर चूक सांगणारा एकही संदेश दिसत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला टंकित आज्ञा देण्याच्या साधनाची शोध-बदल आज्ञा हा आकडाही दुरुस्त करते, म्हणून जाणकार तीच वापरतात.

मराठी साइट्सची अडचण आणखी खोल आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि वेबपत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात दहा चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात नव्वद अक्षरे. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा घालते, त्यामुळे देवनागरी शीर्षक बाविसाव्या चिन्हाच्या आसपास तुटते. लेखमालेतल्या दोन लेखांची सुरुवात सारखी असली तर दोन्हींचा पत्ता एकच होऊ पाहतो आणि दुसऱ्याला ‘-२’ जोडले जाते. नव्या जागी लेख वेगळ्या क्रमाने आयात झाले तर हा दोनचा आकडा भलत्याच लेखाला लागतो. ब्लॉगरने तर देवनागरी शीर्षके पत्त्यातून गाळूनच टाकली. तिथल्या असंख्य मराठी नोंदींचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एक आकडा एवढाच आहे. अशा वेळी जुन्या-नव्या पत्त्यांचा तक्ता करून जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी, ३०१ क्रमांकाची कायमची पुनर्निर्देशने लावावी लागतात. हा तक्ता टाळणे म्हणजे इतरांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे तोडणे, आणि हे काम वगळून दिलेले अंदाजपत्रक स्वस्त वाटले तरी स्वीकारू नये.

युनिकोड या सर्व लिप्यांच्या समाईक संकेतप्रणालीपूर्वीच्या साइट्सचे स्थलांतर हे वेगळेच काम आहे. श्री-लिपी, कृतिदेव अशा फाँटांत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी लॅटिन अक्षरांचाच असतो. कृतिदेवमधला ‘क’ म्हणजे लॅटिन ‘डी’. नुसती अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी फाँटात ‘क’च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर, ‘सूर्य’चा रफार फाँटात ‘य’नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तकाचे काम झाल्यावर जोडाक्षरे माणसानेच वाचून तपासावी लागतात. मोडी लिपीतला मजकूर असेल तर आणखी एक खबरदारी: २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, आणि वर्डप्रेस वापरते त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या तीन-बाइटी सारण्यांत ते मावत नाही. वर्डप्रेसने चार-बाइटी साठवण एप्रिल २०१५ मध्ये, ४.२ या आवृत्तीत आणली.

प्रत्यक्ष बदलाच्या एक-दोन दिवस आधी डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदींची मुदत पाच मिनिटांपर्यंत खाली आणतात, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. या नोंदी ठेवणारा नेमसर्व्हर बदलताना ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्या जागी लिहायच्या राहिल्या, तर साइट दिसते पण ग्राहकाची टपाल थांबते. तक्रार येते ती बहुतेक वेळा याचीच.

मालकीचा प्रश्न आधी कागदावर यावा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ग्राहकाच्या नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला कोड सर्वसाधारणपणे त्याचाच राहतो. हक्क ग्राहकाला द्यायचा तर लेखी हस्तांतर लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. डोमेन आणि होस्टिंगचे खाते मात्र पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर असावे. फ्रीलान्सरच्या नावावर असलेले डोमेन तो गाव, व्यवसाय किंवा फोन बदलतो तेव्हा अडकते, मग हेतू कितीही चांगला असो. स्थलांतर झाल्यावर जुने होस्टिंग लगेच बंद करत नाहीत: नव्या सर्व्हरच्या नोंदवहीत ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’, म्हणून आलेले पत्ते काही आठवडे तपासतात, राहिलेली पुनर्निर्देशने लावतात, पूर्ण बॅकअप ग्राहकाच्या हाती देतात आणि मगच जुने खाते मोकळे करतात.