मृत्युपत्र ते प्रोबेट: कुठला कागद कशासाठी आणि वकिलाकडे जाताना काय न्यायचं

माझ्या मामाने ब्याऐंशीव्या वर्षी मृत्युपत्र केलं आणि साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या त्या बागेतल्या बाकावरच्या दोन मित्रांच्या. मित्रही त्याच वयाचे. मामा गेला तोवर त्यातले एक आधीच गेले होते आणि दुसऱ्यांना आपण अशी काही सही केल्याचं आठवेना. मृत्युपत्र खरं होतं, भावंडांत भांडण नव्हतं. पण फ्लॅट दादरचा, म्हणून त्या काळी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा शिक्का, टळत नव्हतं. शेवटी दिवंगत मित्राच्या मुलाने वडिलांची सही ओळखली, तेव्हा गाडं पुढे सरकलं. तेव्हापासून कुणी मृत्युपत्राचं विचारलं की मी मिळकतीच्या आधी साक्षीदारांचं वय विचारतो.

मृत्युपत्र कोण करू शकतं, कशाचं

अठरा वर्षं पूर्ण झालेली आणि शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती. स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. ‘सगळं घर धाकट्याला’ असं लिहून बहिणींचा हक्क जात नाही, कारण मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार असल्याचं 2005 च्या दुरुस्तीने देशभर लागू झालं आणि महाराष्ट्रात तर ते 1994 पासूनच आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्याची चाल वेगळी: तिथे मुलंबाळं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांची राखीवच, तुमच्या इच्छेला उरते ती बाकीची निम्मी.

विधवा आणि मूलबाळ नसलेल्या हिंदू स्त्रियांनी तर मृत्युपत्र लांबणीवर टाकूच नये. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अशा बाईने स्वतः कमावलेला पैसादेखील, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. ज्या माहेरच्यांनी सांभाळलं ते मागे राहतात आणि आयुष्यात तोंड न पाहिलेला पुतण्या पुढे येतो.

स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 ची अट एवढीच की करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते पाहून, त्याच्यासमोर आपापल्या सह्या कराव्यात. दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असायलाच हवं असं नाही, पण असलेले बरे. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, पत्ता सहज बदलणार नाही असा आणि ज्याला मृत्युपत्रातून छदामही मिळणार नाही असा निवडा. करणारा वयस्क असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. ते डॉक्टरच साक्षीदार झाले तर सोन्याहून पिवळं.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे आणि मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी केली म्हणजे मृत्युपत्र ‘पक्कं’ झालं हा मात्र गैरसमज. नंतर केलेलं, बिननोंदणीचं पण योग्य साक्षांकित मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं. म्हणून पहिल्याच परिच्छेदात ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य आणि प्रत्येक पानावर सही व तारीख हवी.

नॉमिनी मालक नाही

हे इतक्या वेळा सांगूनही लोकांना पटत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ते 1983 सालीच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर 2023 मध्ये निकाल आला, तोही एका मराठी घरातला: ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या पश्चात उभा राहिलेला वाद. नॉमिनी पैसे हातात घेतो, पण कायदेशीर वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांसाठी. बँकेत एकाचं नाव आणि मृत्युपत्रात दुसऱ्याचं, अशी स्थिती ठेवून जाणं म्हणजे मुलांना कज्जा ठेवून जाणं.

प्रोबेट: आता सक्ती नाही, पण गरज संपलेली नाही

प्रोबेट म्हणजे ‘हे मृत्युपत्र खरं आहे’ असा न्यायालयाचा शिक्का, आणि ते अमलात आणण्याचा व्यवस्थापकाला, म्हणजे एक्झिक्युटरला, मिळालेला अधिकार. फ्लॅट मुळात मयताचा होता का, हे त्यात ठरत नाही. तो वेगळा दावा.

मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या शहरांत केलेल्या किंवा तिथल्या स्थावराविषयीच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी मृत्युपत्रांना त्याच 1925 च्या कायद्याच्या कलम 213 मुळे प्रोबेट सक्तीचं होतं. पुण्यात बसून पुण्याच्या घराचं केलेलं मृत्युपत्र कधीच त्यात येत नव्हतं, तरी पुण्यातल्या सोसायट्या ‘प्रोबेट आणा’ म्हणत राहिल्या! डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलमच वगळलं. त्यामुळे आता कुणी सरसकट प्रोबेट मागितलं तर ते कोणत्या नियमाखाली, हे लेखी मागा. बहुतेकदा तिथेच विषय मिटतो.

तरीही काही वेळा मी स्वतःहून प्रोबेट घ्या म्हणेन. एखाद्या वारसाला डावललं असेल, मृत्युपत्र आजारपणात केलेलं असेल, मिळकत लगेच विकायची असेल आणि घेणाऱ्याचा वकील किंवा कर्ज देणारी बँक कागद चाळणार असेल, तर आधी काढलेलं प्रोबेट पुढची दहा वर्षांची डोकेदुखी वाचवतं.

अर्ज कसा होतो

प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळतं. नेमलेला नसेल, वारला असेल किंवा नको म्हणत असेल, तर लाभार्थीने ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावण्याचं न्यायालयाचं अधिकारपत्र, मागायचं, मृत्युपत्र जोडून. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात, इतरत्र जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात. मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देता येत नाही, पण तेवढी घाई कुणाची नसते. उलट उशीरच होतो, आणि तीन वर्षांपलीकडे गेलं तर विलंबाचं कारण पटवून द्यावं लागतं.

वकिलाकडे पहिल्या भेटीला मूळ मृत्युपत्र (लॅमिनेट न केलेलं, टाचणी-स्टेपल न काढलेलं), मृत्यूचा दाखला, मयताच्या पत्त्याचा पुरावा, व्यवस्थापकाचं ओळखपत्र आणि सर्व वारसांची नावं, वयं, नाती व पत्ते न्या. ज्याला काही दिलेलं नाही त्याचंही नाव यादीत हवं. ते गाळणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. मालमत्तेची यादी बाजारभावासह आणि देण्यांची यादी वेगळी. देण्यांत अंत्यविधीचा खर्चही धरता येतो, हे आम्हाला कारकुनाने सांगितलं तेव्हा पावत्या कुठे ठेवल्यात ते शोधत बसलो. शिवाय एका तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि ज्या वारसांची हरकत नाही त्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं. ही संमती हातात असली की निम्मं काम झालं.

अर्ज दाखल झाल्यावर कार्यालय त्रुटी काढतं, वारसांना नोटीस जाते आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. कुणी हरकत घेतली नाही तर शुल्क भरून प्रोबेट मिळतं. महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा 75,000 रुपये आहे. फ्लॅट कोटींचा असला तरी तेवढीच. वारसाने प्रतिज्ञापत्रासह कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, टाकलं तर मात्र अर्जाचा दावा होतो आणि साक्षीदाराची उलटतपासणी. बिनवादाच्या प्रकरणातही हिशेब महिन्यांचा धरा, वादाच्या प्रकरणात वर्षांचा.

वकिलाला फी विचारताना बिनवादाची वेगळी आणि कॅव्हेट आलं तर वेगळी असं लिहून घ्या. नोटिशींची छपाई आणि प्रमाणित प्रती त्यात धरल्यात का, हेही विचारा. मूळ मृत्युपत्र न्यायालयातच राहतं, तेव्हा अर्ज करण्याआधी त्याच्या चांगल्या स्कॅन प्रती काढा. आणि एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

मृत्युपत्रच नसेल तर

बँकेतले पैसे, शेअर, येणी यांसाठी दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. घर-जमिनीसाठी ते उपयोगाचं नाही. तिथे महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला चालतो. हो, पेशवाई संपल्यावर नऊ वर्षांनी केलेला नियम अजून चालू आहे. वारसांत एकोपा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र जास्त सोपं.

सोसायटीत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. सभासद म्हणून कायमचं नाव मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र यांवर लागतं. शेतजमिनीचं तर न्यायालयात जायचंही काम नाही: मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करायचा. नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नवा सातबारा आणि आठ-अ हातात आला की वारसांची नावं आधार कार्डाशी एक एक अक्षर ताडून पाहा. ‘शकुंतला’चं ‘सकुंतला’ झालं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा लागतो.