बिंदू कॅनव्हासवर आला कसा: सृष्टिकथा आणि अमूर्त चित्रांची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या चित्रप्रदर्शनांत 'सृष्टी', 'हिरण्यगर्भ', 'बिंदू', 'उत्पत्ती' अशा नावांची दोन-चार अमूर्त चित्रं हमखास असतात. काळा किंवा तांबडा गोल, भोवती वलयं, खाली त्रिकोण, आणि शेजारच्या चिठ्ठीवर नासदीय सूक्ताची एखादी ओळ. चिठ्ठी वाचून वाटतं की ऋषींनी सांगितलं आणि चित्रकाराने काढलं. मधल्या वाटेवर लंडनचा एक जाडजूड ग्रंथ आहे, १९६६ सालचं एक चित्रसंग्रहाचं पुस्तक आहे आणि लॉस एंजेलिसची दोन प्रदर्शनं आहेत. बिंदू आपल्याकडे परत आला तो बराचसा या वाटेने.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ९०, १२१ आणि १२९ (अनुक्रमे पुरुषसूक्त, हिरण्यगर्भसूक्त म्हणजे सोनेरी गर्भाचं सूक्त, आणि नासदीय सूक्त) ही तीन सूक्तं या विषयात सतत येतात. जग कसं निर्माण झालं हाच तिन्हींचा विषय. चित्रकाराच्या अंगाने पाहिलं तर पुरुषसूक्तात देह आहे, हिरण्यगर्भसूक्तात आकार आहे आणि नासदीयात दोन्ही नाही. अंधाराने झाकलेला अंधार, पाणी, तप, काम (इच्छा): सात ऋचांत समोर ठेवून रंगवावी अशी एकही वस्तू सापडत नाही.

हिरण्यगर्भाचं सर्वांत धाडसी जुनं चित्र गुलेरच्या पहाडी घराण्यातलं, १७४० च्या सुमाराचं, भागवताच्या मालिकेतलं एक पान. भोवऱ्यांनी भरलेलं काळपट पाणी आणि त्यावर तरंगणारं सोनेरी अंडं. देव नाही, ऋषी नाही, काठही नाही. आज ते वाराणसीच्या भारत कला भवनात आहे. जोधपूर दरबारात १८२३ साली नाथपंथी पोथीसाठी केलेलं पान त्याच्याही पुढे गेलं. त्यात शेजारी शेजारी तीन चौकटी आहेत आणि पहिली नुसत्या सोन्याने भरलेली आहे. पुढच्या दोन चौकटींत सिद्धपुरुष आणि पाणी येतं. अमूर्त चित्र युरोपात १९१० च्या आसपास जन्मलं असं शिकवताना हे पान सोयीस्करपणे वगळलं जातं. मात्र त्याला अमूर्त चित्र म्हणून मोकळं होणंही घाईचं आहे, कारण त्या सोन्याच्या चौकटीचा अर्थ पुढच्या दोन चौकटींशिवाय लागतच नाही.

चीनमध्ये गोष्ट वेगळी घडली. १७०० च्या सुमारास एका भिक्षू-चित्रकाराने लिहून ठेवलं की आदिम अखंडता फुटली तेव्हा नियम आला आणि तो नियम कुंचल्याच्या एका फटकाऱ्यावर उभा आहे. एकातून दोन, दोनातून तीन, तिनातून सगळं, हा ताओच्या ग्रंथातला ४२ व्या प्रकरणाचा क्रम त्याला जुळणारा आहे. सृष्टिकथा इथे चित्राचा विषय राहत नाही, चित्र काढण्याची रीत होते. विषय आणि रीत यांतला हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे बरेच गोंधळ सुटतात.

लंडन, स्टॉकहोम, म्युनिक, पेत्रोग्राद

१८८८ साली लंडनमध्ये थिऑसॉफीचा, म्हणजे सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान मानणाऱ्या पंथाचा, दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्याची सुरुवात एका अतिप्राचीन हस्तलिखिताच्या वर्णनाने होते: पहिल्या पानावर काळसर जमिनीवर (पार्श्वभूमीच्या रंगावर) शुभ्र तबकडी, दुसऱ्या पानावर तीच तबकडी आणि मधोमध बिंदू. असं हस्तलिखित अभ्यासकांना कधी सापडलं नाही. त्याच ग्रंथात नासदीय सूक्ताचा इंग्रजी अनुवादही उद्धृत आहे. पहिल्या पिढीच्या अनेक युरोपीय अमूर्त चित्रकारांपर्यंत आपली सृष्टिकथा पोचली ती अशा पुस्तकांतून, त्यांच्या पुरवण्यांसकट.

स्टॉकहोमच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीने १९०६-०७ मध्ये 'आदिम गोंधळ' या नावाची २६ लहान चित्रं केली. निळा स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा, हिरवा दोहोंच्या मिलनाचा, असं रंगांचं कोष्टक तिने आधीच ठरवलं होतं. १९०७ ची तिची दहा मोठी चित्रं टेम्परात, कागदावर, प्रत्येकी सुमारे ३.२ बाय २.४ मीटर. १९४४ साली ती वारली आणि तिच्या इच्छेनुसार वीस वर्षं ही चित्रं बाहेर आली नाहीत. मोठ्या प्रदर्शनात तिचं काम दिसलं थेट १९८६ साली, लॉस एंजेलिसला. तोवर 'पहिलं अमूर्त चित्र कुणाचं' या वादाचा निकाल तिच्याविना लागला होता.

म्युनिकच्या कँडिन्स्की या चित्रकाराने १९१३ साली जलप्रलयावर 'कॉम्पोझिशन ६' केलं, १९५ बाय ३०० सेंटिमीटरचं. आधी त्याने हाच विषय काचेवर रंगवला होता, त्यात विवस्त्र माणसं, नौका, प्राणी होते. मोठ्या कॅनव्हासवर मात्र तो कित्येक महिने अडला. कारण त्यानेच लिहून ठेवलंय: प्रलयाचा आतला सूर सोडून तो प्रलयाच्या दृश्याला धरून बसला होता. सृष्टिकथा घेऊन अमूर्त चित्राला बसणाऱ्या प्रत्येकाची गाडी इथेच रुतते. कथा माहीत असते, म्हणून हात नकळत कथेतली वस्तू काढतो आणि मग ती पुसून 'अमूर्त' केली जाते. अशा चित्रात पुसलेली वस्तू दिसत राहते.

रशियन चित्रकार मालेविचचा १९१५ चा 'काळा चौरस' सृष्टीचा शून्यबिंदू म्हणून मिरवला गेला. पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात तो दोन भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात टांगला होता, रशियन घरात देवाची प्रतिमा असते तिथे. आकार ७९.५ सेंटिमीटर चौरस. आज त्यावर भेगांचं जाळं आहे आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. खाली आधीची रंगीत रचना होती, ती पुरती वाळण्याआधी वर काळा चढला. २०१५ मध्ये मॉस्कोत झालेल्या क्ष-किरण तपासणीत खाली एक नाही, दोन चित्रं निघाली. आपल्याकडे तैलरंगात काळा गोल काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आयव्हरी ब्लॅक तेल जास्त पितो आणि सावकाश वाळतो. त्यावर लवकर वाळणारा किंवा कमी तेलाचा थर दिला की वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो. खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा नियम शून्यालाही चुकलेला नाही.

औंध, मधल्या मधे

याच काळात सातारा जिल्ह्यातल्या औंधला एक चमत्कारिक जुळणी झाली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरला चित्रशाळा चालवलेले एक पंडित १९१८ साली औंधला आले आणि वेदसंहितांच्या छपाईला लागले. संस्थानचे अधिपती स्वतः चित्रकार होते, त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारलं. त्यात अजिंठ्याच्या प्रती आहेत, पाश्चात्त्य अभिजात चित्रांच्या प्रती आहेत, आणि विसाव्या शतकातल्या इंग्रज शिल्पकाराची एक दगडी माता-बालकही आहे. संस्थानच्याच मुलखात, किर्लोस्करवाडीला, १९२० पासून मासिक काढणारे संपादक लाहोरला याच पंडितांकडे चित्रकला शिकले होते.

वेद छापणारा चित्रकार, चित्र काढणारा राजा आणि आधुनिक शिल्प, तिन्ही एका गावात. तरीही संग्रहाचा कल पौराणिक प्रसंग आणि यथार्थदर्शनाकडेच राहिला. नासदीय सूक्त इथे छापलं जात होतं, पण चित्राचा विषय म्हणून त्याकडे पाहण्याची दृष्टी त्या पिढीच्या कलाशिक्षणातच नव्हती. जे. जे.चा अभ्यास प्लास्टरच्या पुतळ्यांपासून सुरू व्हायचा.

पट्टी आणि बिंदू

न्यूयॉर्कच्या बार्नेट न्यूमन या चित्रकाराने १९४६ मध्येच 'आरंभ', 'आज्ञा', 'उत्पत्ती: भंग' अशा नावांची चित्रं केली होती. निर्णायक ठरलं ते २९ जानेवारी १९४८ चं, जेमतेम ६९ बाय ४१ सेंटिमीटरचं. गडद तांबूस-तपकिरी जमीन, मधोमध उभी मास्किंग टेप, आणि रंग कसा दिसतो हे पाहायला टेपवरच फासलेला फिका कॅडमियम रेड. पुढे जमिनीवर काम करून टेप काढायची असा बेत होता. तो तिथेच थांबला आणि आठेक महिने त्या चित्राकडे पाहत राहिला. ती पट्टी टेप काढून केली असं आपल्याकडे अनेकदा सांगतात. टेप आजही रंगाखाली आहे. सोळाव्या शतकातल्या यहुदी गूढवादात ईश्वर आधी स्वतःला आकसून घेतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत सृष्टी होते. पट्टीचा संबंध त्या कल्पनेशी १९७१ च्या प्रदर्शनानंतर ठळकपणे जोडला गेला. चित्रकाराने १९६९ च्या एका शिल्पाला त्या कल्पनेचं नाव दिलं, हे खरं. पण ते १९४८ नंतर एकवीस वर्षांनी.

मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेले, १९५० साली पॅरिसला गेलेले आपले चित्रकार एस. एच. रझा १९८० च्या आसपास बिंदूवर आले. शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून चित्त स्थिर करायला लावलं, ही आठवण सगळ्यांना पाठ आहे. ती खरीच, पण तिने बाकीचं झाकलं जातं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात शिकवायला गेले असताना त्यांनी अमेरिकन रंगक्षेत्रं (नुसत्या रंगाच्या मोठ्या सपाट पसऱ्यांची चित्रं) जवळून पाहिली आणि त्यानंतर ते अ‍ॅक्रिलिककडे वळले. त्यांच्या बिंदूभोवतीच्या सपाट, कडक कडांच्या पट्ट्या तैलरंगात तशा सहज जमल्या नसत्या.

'निओ-तंत्र' नावाचा गुंता

खरा वाद १९६६ च्या पुस्तकापासून. त्यात यंत्रं (तांत्रिक पूजेतल्या भौमितिक आकृत्या), मंडलं, अंडाकृती शाळिग्राम, विश्वरचनेचे नकाशे मोठ्या रंगीत पानांवर, 'कला' म्हणून छापले गेले. १९७१ साली लंडनला तंत्रावर मोठं प्रदर्शन झालं. १९८५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते 'निओ-तंत्र' याच नावाने. या एका नावाखाली काश्मिरी शैव साधना प्रत्यक्ष करणारा चित्रकार आला, आणि १९६३ पासून कुंडलीच्या चौकटी नि अक्षरसदृश खुणा वापरणारा मद्रासचाही आला. एकाची साधना होती, दुसऱ्याला पानाची मांडणी हवी होती. नावाखाली आलेल्यांपैकी काहींनी ते झटकलं.

नावाच्या बाजूने एवढं म्हणता येतं की पॅरिस-न्यूयॉर्कची नक्कल हा शिक्का पुसायला त्याने मदत केली. यंत्रांकडे कुणी पाहत नव्हतं, ते पाहू लागलं. विरुद्ध बाजू अधिक वजनदार वाटते. पुस्तकात आकृती आली, क्रम आला नाही. आणि यंत्रात सृष्टिकथा असते ती क्रमात.

श्रीयंत्राचंच घ्या. नऊ मोठे त्रिकोण, पाच एका दिशेचे आणि चार उलट. त्यांच्या छेदांतून ४३ लहान त्रिकोण. बाहेर आठ आणि सोळा पाकळ्या, मग चार दारांचं भूपुर, म्हणजे बाहेरची चौकोनी चौकट. पूजनाचे दोन क्रम: बिंदूपासून भूपुराकडे गेलं तर सृष्टिक्रम, भूपुरापासून बिंदूकडे आलं तर संहारक्रम. रेखाटनाच्या रीतीही तशाच दोन. विद्यार्थ्यांना सोपी वाटते ती वर्तुळापासून आत येणारी. उभा व्यास ४८ भागांचा धरायचा आणि वरून ६, ६, ५, ३, ३, ४, ३, ६, ६, ६ अशा अंतरांनी नऊ आडव्या रेघा मारायच्या. इम्पीरियल आकाराच्या चित्रकागदाची रुंदी ५६ सेंटिमीटर, म्हणून भागाला १ सेंटिमीटर धरलं तर पाकळ्यांना जागा उरत नाही. अर्धा सेंटिमीटर धरावा. व्यास २४ होतो आणि रेघा ३, ६, ८.५, १०, ११.५, १३.५, १५, १८ आणि २१ सेंटिमीटरवर येतात. तिसरी आणि सातवी रेघ दोन्ही टोकांनी वर्तुळाला भिडते, बाकीच्या अलीकडेच थांबतात.

चूक होते ती तीन रेघा एका बिंदूत मिळायला हव्यात तिथे. ४८ भागांचं माप जवळपासचं आहे, तंतोतंत नाही. त्यात अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल आली की बिंदूच्या जागी बारीक त्रिकोण उरतो. घाईत रेघ वाकवली जाते आणि मग शेजारचा छेद बिघडतो. रेघ वाकवू नये, आडवी रेघ केसभर सरकवून दोन्ही बाजू पुन्हा जुळवाव्यात. बाहेरून आत काढताना या चुका मध्यावर गोळा होतात, आतून बाहेर काढताना त्या कडेला वाढत जातात.

म्हणजे कागदावर संहारक्रमाने उतरवलेली आकृती 'सृष्टी' या नावाने भिंतीवर जाते. पूजेत ही अदलाबदल चालणार नाही. चित्रात चालते, कारण प्रेक्षकाला पूर्ण आकृती एकदम दिसते आणि तिच्यात क्रम उरत नाही. क्रम दाखवायचा तर मार्ग थोडे आहेत: चौकटींची मालिका, जोधपूरच्या पोथीसारखी, किंवा थर उघडे ठेवणं, म्हणजे आधी काय पडलं नि नंतर काय ते दिसेल. नागपूरला जन्मलेल्या, रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवून पुन्हा उचलणाऱ्या वासुदेव गायतोंडे या चित्रकाराच्या कॅनव्हासवर हा क्रम डोळ्यांना वाचता येतो. त्यांनी मात्र चित्रांना सृष्टीची नावं दिली नाहीत, आणि 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नको होता.

हाताशी अ‍ॅक्रिलिक असेल तर दोन गोष्टी. कंपासचं टोक कॅनव्हासमध्ये रुतवून बिंदू काढला की मधोमध भोक राहतं आणि रंगाने भरलं तरी तिरप्या उजेडात दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून त्यावर टोक टेकवावं. टेपच्या कडेखाली रंग झिरपतो, म्हणून टेप लावल्यावर आधी जमिनीचाच रंग पातळ फिरवून कड बंद करावी, मग वरचा रंग द्यावा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा थर फार लवकर वाळतो. तो ओलसर असतानाच टेप तिरपी ओढून काढावी, नाहीतर कड फाटून येते.